वस्तीतल्या मुलांसोबत काम करायचंय? नाशिककरांसाठी पहिल्या भेटीपासून निरोपापर्यंतचं मार्गदर्शन

नाशिकमध्ये मुलांसाठी काहीतरी करावं असं वाटणाऱ्या माणसांची कमी नाही. जूनमध्ये वह्या वाटल्या जातात, दिवाळीआधी फराळाची पाकिटं, थंडी पडली की ब्लँकेटं, आणि वर्षभर कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा केक. पेठ रोडवरच्या किंवा गोदाकाठच्या वस्त्यांमधली मुलं रांग लावायला इतकी सरावलेली असतात, की नवा माणूस दिसला की आधी विचारतात, "काय वाटणार?" पुढच्या मंगळवारी त्याच वेळी पुन्हा येणारा माणूस मात्र त्यांना क्वचित भेटतो. ज्यांना तसं येत राहायचंय त्यांच्यासाठी हा लेख आहे. संस्था कशी काढायची, देणग्या कशा जमवायच्या हे यात नाही. एक-दोन माणसं, आठवड्यातले तीन तास आणि दहा-बारा मुलं, एवढंच गृहीत धरलं आहे.

१. आधी स्वतःचा वेळ मोजा

"मी रोज येईन" म्हणणारे श्रावण संपेपर्यंतही टिकत नाहीत. आठवड्यातल्या दोन ठरलेल्या संध्याकाळी, दीड-दीड तास, निदान एक सत्र (जून ते दिवाळी किंवा दिवाळी ते एप्रिल) जमणार असेल तर वाचन-गणिताचं काम घ्या. आठवड्यातून एकच दिवस मिळत असेल तर गोष्टी वाचून दाखवणं, खेळ, चित्रं, छोटे प्रयोग असं काही निवडा. ज्या मुलाला अजून अक्षरं पक्की नाहीत त्याला आठवड्यातून एकदा शिकवून फारसं काही हाती लागत नाही. दर वेळी पहिल्या पानावरून सुरुवात होते. महिन्यातून एखादाच रविवार मोकळा असेल तर मुलांसमोर जाऊच नका. मागची कामं करा: तक्ते बनवणं, पुस्तकं आणणं, दाखल्यांसाठी कचेरीत खेटे घालणं. ही कामं कायम पडून असतात आणि त्यांना माणूस मिळत नाही.

सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम करत असाल तर जोडीदार शोधा. एकाची सेकंड शिफ्ट असेल त्या आठवड्यात दुसऱ्याने जायचं. खरं तर शिफ्ट नसली तरी जोडीदार हवाच. त्याचं कारण पुढे येईल.

शाळेच्या वेळापत्रकाखेरीज नाशिक जिल्ह्याचं आणखी एक वेळापत्रक आहे, ते समजून घेतल्याशिवाय तारखा ठरवू नका. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांतली बरीच कुटुंबं भाताची कापणी उरकली की दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत, वीटभट्ट्यांवर किंवा शहरातल्या बांधकामांवर येतात. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाची काढणी जोरात असते. होळीला सगळे गावी जातात, काही परततात, आणि पावसाच्या तोंडावर आवणीसाठी (भाताच्या लावणीसाठी) पुन्हा घराकडे. म्हणजे डिसेंबरात तुमच्यासमोर बसलेल्या मुलांपैकी निम्मी जूनमध्ये नसतील. त्याचं वाईट वाटून घेण्यापेक्षा काम दहा-बारा आठवड्यांच्या तुकड्यांत आखा, आणि प्रत्येक तुकडीअखेर मुलाच्या हातात स्वतःची वही आणि वाचता येईल असं एक पुस्तक राहील याची सोय करा.

२. कुठे जायचं

महापालिकेची शाळा ही नव्या माणसासाठी सगळ्यांत सोपी जागा. छप्पर, फळा, संडास, हजेरी सगळं तयार असतं आणि तुम्ही चुकलात तर सांगायला शिक्षक असतात. शाळा सुटल्यावर तासभर वर्ग वापरू द्या म्हणून मुख्याध्यापकांना भेटा.

वस्तीतला वर्ग अवघड, पण तिथे अशी मुलं भेटतात जी शाळेच्या पटावर आहेत आणि वर्गात नाहीत. जागा म्हणून समाजमंदिर, अंगणवाडीची खोली, देवळाचा ओटा, काहीही चालतं. फक्त दिवा आणि पाणी पाहून घ्या. बांधकामाच्या साइटवरचा वर्ग फिरता असतो. २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात मजुरांची ये-जा वाढली आहे, आणि त्यांच्याबरोबर पोरंही येतात. तिथे ठेकेदाराची परवानगी आणि जागेची सुरक्षितता या दोन गोष्टींवर अडून बसा. सळया आणि उघडे खड्डे असलेल्या ठिकाणी वर्ग नको.

उंटवाडीचं निरीक्षणगृह-बालगृह किंवा इतर बालगृहं हे वेगळंच काम आहे. तिथली मुलं बाल कल्याण समितीच्या किंवा बाल न्याय मंडळाच्या आदेशाने आलेली असतात. तिथे जायचं तर अधीक्षक आणि जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. तिथला एकच मोठा नियम: "तू इथे कसा आलास?" हा प्रश्न कधीच विचारायचा नाही. मूल आपण होऊन सांगेल तेव्हा ऐकायचं.

आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या. त्या विभागाचं आयुक्तालय नाशकातच आहे, पण परवानगी प्रकल्प अधिकाऱ्यांकडून घ्यावी लागते. नाशिक आणि कळवण अशी दोन प्रकल्प कार्यालयं आहेत. पेठ इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर, सुरगाणा त्याहून बरंच लांब. दर आठवड्याला जाणं झेपणार नाही. सुट्टीतलं चार-पाच दिवसांचं निवासी शिबिर हा तिथला योग्य प्रकार.

माझं मत विचाराल तर घरापासून पंधरा मिनिटांत पोहोचता येईल ती जागा निवडा. गंगापूर रोडवरून नाशिकरोडला निघालेला उत्साह पहिल्याच धो-धो पावसात मावळतो. आणि जिथे आधीच कुणी चांगला वर्ग चालवत असेल तिथे त्यांना जाऊन मिळा. शेजारी दुसरा फलक लावायची गरज नसते.

३. परवानगी आणि स्वतःवरचे नियम

वस्तीत सुरुवात अंगणवाडी सेविकेपासून करा. कुणाच्या घरी काय चाललंय, कोणतं मूल शाळेत जात नाही, कोणती वेळ पाण्याची, हे तिला माहीत असतं. मग पालकांची एक छोटी बैठक घ्या आणि प्रत्येक मुलामागे पालकाची सही किंवा अंगठा असलेलं संमतीपत्र घ्या. त्यात वर्गाचे दिवस, वेळ, तुमचं नाव, फोन एवढं पुरे.

तुमचं स्वतःचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून काढून ठेवा. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या माणसांची पोलीस पडताळणी करावी असं पोक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) २०२० च्या नियमांत आहेच. तुम्ही एकटे काम करत असलात तरी हा कागद पालकांना दाखवा. "आम्ही तुम्हाला विचारलं तरी का?" असं ते म्हणतील, पण लक्षात ठेवतील.

आता जोडीदाराचं कारण. कुठलाही मोठा माणूस मुलासोबत बंद खोलीत एकटा राहणार नाही. दार उघडं, दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात. मुलाला गाडीवर बसवून घरी सोडायचं नाही, आपल्या घरी बोलवायचं नाही, मुलाशी खासगी फोन-मेसेज नाहीत. जे बोलायचं ते पालकांच्या फोनवर. हे नियम मुलांसाठी आहेत आणि तुमच्यासाठीही. कुणाला ते अपमानास्पद वाटत असतील तर त्याने हे काम घेऊ नये.

४. पहिले दोन आठवडे शिकवू नका

खेळा. लगोरी, विषामृत, भेंड्या, काहीही. नावं पाठ करा. घरी ज्या नावाने हाक मारतात ते आणि शाळेतलं, दोन्ही. "सर-मॅडम" पेक्षा "दादा-ताई" बरं पडतं. या दिवसांत तुम्हाला कळेल की कोण नेहमी धाकट्याला कडेवर घेऊन येते, कोण साडेसहाला पळतो कारण नळाला पाणी येतं, कोण कुणाशेजारी बसत नाही. मुलींना धाकट्या भावंडांसकट येऊ द्या. कडेवरचं बाळ नको म्हटलंत की ती मुलगीही बंद होते. एका कोपऱ्यात चटई, दोन-चार ठोकळे, जुन्या पातेल्याचं झाकण ठेवलं की बाळं रमतात.

बोलीचं आताच समजून घ्या. सिडकोच्या आसपास अहिराणी बोलणारी घरं खूप, पेठ-सुरगाण्याकडची मुलं कोकणा किंवा डांगी बोलतात, बांधकामावरची बरीचशी हिंदीत. मूल गप्प बसलं म्हणजे त्याला येत नाही असं नसतं. तुमची पुस्तकी मराठी त्याच्या कानावरून जात असते.

५. कुणाला काय येतं ते पाहा

इयत्तेवर जाऊ नका. पाचवीतल्या मुलाला दुसरीचं पुस्तक वाचता न येणं ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. प्रत्येक मुलाला बाजूला, पण सगळ्यांच्या नजरेसमोर, बसवा आणि चार गोष्टी पुढे ठेवा: सुटी अक्षरं, दोन-तीन अक्षरी सोपे शब्द, चार ओळींचा परिच्छेद, आणि दहा-बारा ओळींची गोष्ट. मुलांना कितपत वाचता-मोजता येतं हे घरोघरी जाऊन पाहणाऱ्या 'असर'च्या सर्वेक्षणात वापरतात ती रीत साधारण अशीच. परिच्छेदापासून सुरुवात करा. जमलं तर गोष्ट, अडलं तर शब्द, तेही अडलं तर अक्षरं. जिथे मूल न अडखळता वाचतं ती त्याची पायरी. गणितातही तसंच: अंक ओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार.

ही 'परीक्षा' आहे असं म्हणू नका. निकाल मुलांसमोर मोठ्याने सांगू नका, भिंतीवर लावू नका. तुमच्या वहीत तारखेसह लिहा आणि दर सहा आठवड्यांनी पुन्हा पाहा. गट या पायऱ्यांवरून करा, वयावरून नाही. मात्र तेरा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलांत अक्षरं गिरवायला बसवलंत तर तो उद्या येणार नाही. त्याच्यासाठी तेच काम वेगळ्या साहित्यावर करा: बसच्या पाट्या, मोबाइल रिचार्जचे मेसेज, क्रिकेटच्या बातम्यांचे मथळे.

६. दीड तास कसा जातो

वेळ साधारण साडेपाच ते सात. पहिल्या दहा मिनिटांत हात-पाय धुणं आणि हजेरी. हजेरी तुम्ही घेऊ नका, मुलं आपापलं नाव स्वतः लिहितील. ज्याला लिहिता येत नाही तो खूण काढेल, आणि काही आठवड्यांत शेजारच्याचं पाहून नाव लिहायला लागेल. शिक्षणशास्त्राच्या भाषेत याला काय म्हणतात ठाऊक नाही, पण हजेरीपटाएवढं आवडीनं वाचलेलं पुस्तक मी वर्गात पाहिलं नाही.

मग दहा मिनिटं तुम्ही गोष्ट वाचून दाखवा. पुस्तक मुलांकडे धरून, चित्रं दाखवत, घाई न करता. मध्येच थांबून "आता काय होईल?" एवढं विचारा, तात्पर्य विचारू नका. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतल्या पुष्कळ गोष्टी मोफत मिळतात, बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवरून उतरवून घेता येतात, आणि १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही ऑनलाइन वाचायला आहेत. रंगीत प्रिंट महाग पडते. एकच चांगली प्रत काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, ती वर्षभर टिकते.

त्यानंतर पंचवीस-तीस मिनिटं गटांत वाचन. अक्षरांच्या गटाला मुळाक्षरं ओळीने पाठ करायला लावू नका. ओळीने म्हणता येणारं अक्षर सुटं दाखवलं की ओळखू येत नाही. मोजकीच अक्षरं घ्या आणि लगेच शब्द करा: नळ, घर, बस, मटण. ('मटण' हा शब्द कुणीही विसरत नाही.) घ-ध, भ-म या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका, एक पक्कं झाल्यावर दुसरं. मग काना, मग वेलांट्या. जोडाक्षरं बऱ्याच उशिरा, जरी 'द्राक्ष' हा शब्द मुलांच्या तोंडी रोजचा असला तरी.

शब्दांच्या गटासाठी सगळ्यांत उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे मुलाचं वाक्य. मूल सांगेल ते जसंच्या तसं मोठ्या अक्षरांत लिहा. अहिराणी बोलणारं मूल "माय बजारमा गयी" म्हणालं तर तेच लिहा, त्याला ते वाचू द्या, आणि मग खाली "आई बाजारात गेली" लिहा. स्वतःच्या तोंडचं वाक्य असल्याने अर्थ त्याला आधीच ठाऊक असतो. डोळ्यांना फक्त अक्षरं जुळवायची राहतात. दोन्ही ओळी वहीत राहू द्या, वरची खोडू नका. अशी पंधरा-वीस वाक्यं झाली की शिवून त्याचं पुस्तक करा, मुखपृष्ठावर लेखकाचं नाव घालून.

गोष्ट वाचणाऱ्या गटाला तुमची गरज कमी आणि पुस्तकांची जास्त असते. त्यांना अक्षरगटातल्या एकेकासोबत दहा मिनिटं जोडीने बसवा, पण त्यांचा स्वतःचा वाचनाचा वेळ त्यात खाऊ नका. हुशार मुलांना फुकटचे मास्तर करून ठेवण्याची खोड आपल्याला चटकन लागते.

गणिताला वीस मिनिटं. काड्या, रबर बँड आणि दहा-दहाचे गठ्ठे यांवर निम्मं गणित होतं. हातचा म्हणजे गठ्ठा सोडणं, हे हाताने केल्याशिवाय फळ्यावर दाखवू नका. रामकुंडावर दिवे-फुलं विकणाऱ्या मुलाला दोनशेच्या नोटेतून पस्तीस वजा करून सुटे पैसे क्षणात देता येतात, आणि तीच वजाबाकी वहीत उभी मांडली की तो गडबडतो. त्याला गणित येतं. त्याने डोक्यात जे केलं ते त्याच्याकडूनच बोलवून घ्या, कागदावर मांडा, आणि मग शाळेची रीत त्याशेजारी ठेवा. दुकान-दुकान खेळ हा केवळ लहानांचा नाही. भाजीचे खरे दर घ्या, भजीची गाडी लावली तर नफा किती हे काढायला लावा.

शेवटची पंधरा मिनिटं खेळ किंवा गाणं, मग चटया झटकून जागा साफ. वर्ग ठरलेल्या वेळीच संपवा. उशीर झाला की मुलींना घरी बोलणी बसतात, आणि पुढच्या वेळी त्यांना पाठवत नाहीत.

७. शाबासकी कशी द्यायची

मुलांना प्रोत्साहन देणं म्हणजे मोठ्याने टाळ्या वाजवणं असा समज आहे. ज्या मुलाला शाळेत वर्षानुवर्षं "तुझ्या डोक्यात दगड भरलेत" हेच ऐकायला मिळालं, त्याला तुमचं "अरे वा, किती हुशार!" खोटं वाटतं, आणि त्याचं बरोबर असतं. त्याने नेमकं काय केलं ते सांगा. "मागच्या आठवड्यात तू 'पाऊस' वर अडला होतास, आज तीन ओळी न थांबता वाचल्यास." "उत्तर चुकलं, पण गठ्ठा सोडायचा हे तुला बरोबर सुचलं, आता इथून पुढे बघ." याला स्तुतीपेक्षा जास्त मेहनत लागते, कारण मागच्या आठवड्यात तो कुठे अडला होता हे तुम्हाला आठवावं लागतं. म्हणून वर्ग सुटल्यावर प्रत्येक मुलासाठी एकेक ओळ वहीत लिहायचीच. गाडी सुरू करण्याआधी, तिथेच बसून.

तुलना करू नका. "बघ, ती तुझ्याहून लहान आहे" या एका वाक्याने दोन मुलं बिघडतात: एक हिरमुसतं, दुसरं डोक्यावर बसतं. बक्षिसंही फार नकोत. पेन्सिलीसाठी वाचणारं मूल पेन्सिल बंद झाली की थांबतं. त्याऐवजी काम द्या: पुस्तकपेटीची किल्ली सांभाळणं, नव्या मुलाला जागा दाखवणं, तारीख फळ्यावर लिहिणं. हे काम सगळ्यांत द्वाड मुलाला आधी द्या.

चुकलेलं मूल गप्प होतं, चिडतं किंवा विनोद करून वेळ मारून नेतं. तिन्ही वेळा तुम्ही तसेच राहा, आवाज न चढवता. शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. तुमचा वर्ग शाळा नसला तरी नियम तोच ठेवा. अंगठे धरणं नाही, उठाबशा नाहीत, आणि "उद्यापासून येऊ नकोस" ही धमकी तर नाहीच.

मोठी स्वप्नं दाखवावीत का? दाखवावीत, पण जवळची. हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवून आली; चांदवडजवळच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला नौकानयनात उतरला. या गोष्टी सांगा, मुलांचे डोळे चमकतात. पण त्याच वस्तीतला जो मुलगा सातपूरच्या आयटीआयमधून फिटर होऊन अंबडला लागला, त्याला एका संध्याकाळी बोलवा. अर्ज कधी भरला, गणितात किती मार्क होते, पहिला पगार कुठे खर्च केला, हे मुलं खोदून खोदून विचारतात. पदकाबद्दल असे प्रश्न कुणी विचारत नाही.

८. आईवडिलांशी

वर्षातून दोन सभा घेण्यापेक्षा महिन्यातून एकदा दारात उभं राहून पाच मिनिटं बोला. वेळ त्यांची. घरकाम करणाऱ्या बाया दुपारी भेटतात, बांधकामावरची माणसं रात्री आठनंतर. तक्रार घेऊन जाऊ नका. "मावशी, तुमची पोरगी आता गोष्ट वाचते, जरा ऐकता का?" एवढं म्हणा आणि तिला उंबऱ्यात बसून वाचू द्या. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही तिला अभ्यास घ्यायला सांगणं म्हणजे तिला खजील करणं आहे. तिला सांगा, रोज वही उघडून "आज काय केलं ते सांग" एवढंच विचारा. आणि कुणी मूल कामाला लावलं असेल तर उपदेश करण्याआधी घरातलं कमावतं कोण ते पाहा.

९. खाऊ, वस्तू, फोटो

भुकेलं मूल शिकत नाही, त्यामुळे केळी, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू यांपैकी काहीतरी ठेवा, सगळ्यांना सारखं. वेफर्सची पाकिटं नकोत. वह्या-दप्तरं वाटायला कुणी आलं तर वस्तू घ्या आणि गरजेप्रमाणे वर्षभर तुम्ही द्या. वाटपाचा समारंभ वर्गात होऊ देऊ नका. पैसे मात्र स्वतःच्या खात्यावर कधीच घेऊ नका. तेवढं काम वाढलं तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेमार्फत करा.

फोटोंबद्दल कडक राहा. फळ्यावरचं काम, हात, चित्रं यांचे फोटो पुरतात. बालगृहातल्या किंवा कायद्याच्या प्रक्रियेतल्या मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इतर मुलांबाबत कायदा एवढा कडक नसेल, पण आपल्या मुलाचा शेंबडा, रांगेतला फोटो अनोळखी माणसाने स्टेटसला ठेवला तर आपल्याला चालेल का, हा प्रश्न पुरेसा आहे.

वर्षातून एक सहल जरूर काढा. पांडवलेणी, किंवा हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी. सिटीलिंकच्या बसने जाणं हीच काही मुलांसाठी सहल असते. पालकांची लेखी संमती आणि दर पाच मुलांमागे एक मोठं माणूस, याशिवाय निघू नका.

१०. शाळाबाह्य मूल, दाखले, योजना

वर्गात येणारं एखादं मूल कुठल्याच शाळेच्या पटावर नाही असं कळलं, तर तुमचा वर्ग ही शाळेची जागा नव्हे. त्याला आधी शाळेत घाला. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि आधीच्या शाळेने दाखला द्यायला उशीर केला म्हणून अडवताही येत नाही. हे तोंडी सांगून कधी कधी भागत नाही. साध्या कागदावर अर्ज लिहा, पोच घ्या. बहुतेक कामं 'पोच' या शब्दाला होतात.

स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे, ज्यावर इथल्या शाळेतून तिथल्या शाळेत बसता येतं. निघण्याआधी गावच्या शाळेकडून ते घ्यायला सांगा. जिल्हा परिषद शाळांमध्ये बालरक्षक म्हणून काम करणारे शिक्षक असतात. त्यांच्याशी ओळख करून घ्या.

एक पालक गेलेला, पालक गंभीर आजारी किंवा तुरुंगात, अशी मुलं वर्गात असतातच. त्यांच्यासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, दरमहा २,२५० रुपयांची. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात, मंजुरी बाल कल्याण समितीची. विधवा आईला या योजनेचं नावही माहीत नसतं असा माझा अनुभव आहे. आधार, मृत्यूदाखला, रहिवासाचा पुरावा, बँक पासबुक, शाळेचं बोनाफाईड हे गोळा करून तिच्याबरोबर जा. तुमच्या वर्षभराच्या शिकवण्यापेक्षा ही एक फेरी त्या घराला जास्त उपयोगी पडू शकते.

शाळा सुटलेल्या मोठ्या मुलांना १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून बोर्डाची परीक्षा देण्याचा अर्ज) सांगा, आणि त्यांना तसंच दहावी नापास झालेल्यांना मुक्त विद्यालयाचा मार्गही सांगा. बारावीनंतर शहरालगतच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

११. मूल काही भयंकर सांगतं तेव्हा

एखाद्या दिवशी मूल जवळ येऊन सांगेल की घरी कुणीतरी त्रास देतं, किंवा कुणीतरी नको तिथे हात लावतं. तेव्हा ऐका. चेहरा शांत ठेवा. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही," एवढंच बोला. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. खोदून प्रश्न विचारू नका, पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका, स्वतः चौकशीला त्या माणसाकडे जाऊ नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे, वेळ-तारखेसह लिहून ठेवा.

लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हा पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि तो साध्या नागरिकालाही लागू होतो. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन चोवीस तास चालते. तातडी असेल तर ११२. मारहाण, बालविवाहाची तयारी, घरातून पळून आलेलं किंवा नाशिकरोड स्टेशनवर एकटं सापडलेलं मूल, या सगळ्यांसाठी १०९८ हाच पहिला फोन. वस्तीतले वजनदार लोक "आपसात मिटवू" म्हणतील. मिटवायला बसू नका.

त्या रात्री तुम्हाला झोप लागणार नाही. जोडीदाराशी बोला, पण मुलाचं नाव तिसऱ्या कानावर जाऊ देऊ नका.

१२. निघताना

बदली होते, लग्न ठरतं, घरी आजारपण येतं. स्वयंसेवक कधीतरी जातोच. या मुलांच्या आयुष्यातून न सांगता गेलेली माणसं आधीच पुष्कळ असतात, म्हणून तुमचं जाणं निदान सांगून असू द्या. महिनाभर आधी कळवा, तारीख सांगून. कारण खरं सांगा. "लवकरच परत येईन" असं म्हणू नका, नक्की येणार असाल तरच म्हणा.

शेवटचे काही वर्ग नव्या माणसाला सोबत घेऊन घ्या. आधी तो बघेल, मग निम्मा वर्ग घेईल, शेवटच्या दिवशी तो पूर्ण घेईल आणि तुम्ही मागे बसाल. त्याला पायऱ्यांची वही, संमतीपत्रं, अंगणवाडी सेविकेचा आणि मुख्याध्यापकांचा नंबर, पुस्तकपेटीची यादी हे सगळं द्या. कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, कुणाला फिट येते, हेही लिहून. नवा माणूस मिळालाच नाही तर प्रत्येक मुलाच्या शाळेतल्या शिक्षकांना भेटून त्याची पायरी सांगा आणि पुस्तकपेटी अंगणवाडीत ठेवा. निरोपाला केक नको. ज्याचं त्याचं शिवलेलं पुस्तक त्याच्याकडून वाचून घ्या, आणि वर्ग नेहमीसारखा सातलाच संपवा.